खटपट : काना हरवलेला कीबोर्ड

दोस्तांनो, गेल्या महिन्यात टपालाने एक पाकीट आलं. आत एकच कागद, प्रिंटरवर छापलेला, आणि त्यावर एवढीच ओळ :

"कक, जीच कीबोरड बिघडल हे. तुही तसल क?"

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग कागद उलटा केला. मागे निळ्या पेनने, सुवाच्य अक्षरात खुलासा होता. पत्र पाठवणारी आपली एक वाचक मैत्रीण, साताऱ्याची, नववीतली. तिला लिहायचं होतं, "काका, आजीचा कीबोर्ड बिघडला आहे. तुम्ही तपासाल का?" पण जे उमटलं ते तसंच पाठवलं, म्हणजे काकांना रोग आधीच कळेल! मला हे फार आवडलं. डॉक्टरकडे जाताना ताप किती ते लिहून नेणारी माणसं थोडी असतात.

आता तुम्ही इथे जरा थांबा. वरच्या दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवा आणि कोणकोणती अक्षरं गळली ते शोधा. पेन्सिल घ्या, मी थांबतो.

झालं? काना गेला, 'आ' गेला. 'म' गेला, 'प' गेला. आणि कीबोर्डमधल्या 'र'चा पाय मोडेना, म्हणजे जोडाक्षराचं चिन्हही गेलं. पाच गोष्टी. पण बटणं पाच नाहीत, चारच. कारण ही आजी 'इनस्क्रिप्ट' पद्धतीने टाइप करतात. त्यात डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या असतात आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजी ई जिथे छापलेला असतो, तिथे काना. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की 'आ'. डीवर पाय मोडायचं चिन्ह, शिफ्ट धरून 'अ'. सीवर 'म' आणि 'ण'. एचवर 'प' आणि 'फ'. म्हणजे मेलेली बटणं : ई, डी, सी आणि एच. (केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी १९८६ मध्ये ठरवली. तिची गंमत अशी की गुजराती, बंगाली, तमिळ अशा लिप्यांतही 'क' त्याच बटणावर, केच्या. एक शिका आणि अनेक लिप्या लिहा.)

तुम्ही म्हणाल, काका, चार बटणं गेली तर नवा कीबोर्ड आणा की! चारपाचशे रुपयांत मिळतो. आणला होता. मैत्रिणीच्या बाबांनी दोन आणले. पण पत्रात पुढे जे लिहिलं होतं, ते वाचून मी लगेच फोन केला.

आजींचं वय ७६. १९९० च्या दशकात त्या घरीच डीटीपीचं काम करायच्या. लग्नपत्रिका, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, पतसंस्थेचे अहवाल. तेव्हाचा हा कीबोर्ड, मागच्या चिकटपट्टीवर १९९३ साल. आता त्या त्यांच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून ठेवत होत्या. घरात दुसऱ्या कुणालाच त्या येत नाहीत. दोनशेच्या वर झाल्या आणि बटणं गेली. हाताने लिहायचं तर हात थरथरतो. आणि नव्या चपट्या कीबोर्डवर बोट टेकलं की दाबलं की नुसतं लागलं हेच त्यांना कळत नाही. जुना कीबोर्ड बोटाला उत्तर देतो, 'टक्' म्हणून. नवा गप्प बसतो. दीड महिना झाला, आजींनी कॉम्प्युटर उघडला नव्हता.

म्हणून एका रविवारी मैत्रीण आणि तिचे बाबा एस.टी.ने पुण्याला आले. कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. उचलला तर केवढा जड! जुने कीबोर्ड असेच असतात. आत लोखंडी पत्रा असतो आणि प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र खटका. आजच्या स्वस्त कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली मिळून एकच रबरी चटई असते. जुन्यात एक बटण बिघडलं तर एक खटका बदलता येतो. चटई बिघडली की सगळंच गेलं.

या खटक्यांचेही पंथ आहेत. आयबीएम कंपनीच्या १९८५ सालच्या 'मॉडेल एम'मध्ये बटणाखाली उभी स्प्रिंग असते. दाबता दाबता ती कमरेत वाकते, टक् असा आवाज होतो आणि खालचा छोटा पाळणा झुकून संपर्क करून देतो. तो कीबोर्ड उघडायचा तर प्लॅस्टिकचे बारीक रिव्हेट तुटतात, सगळं पुन्हा स्क्रूंनी बसवावं लागतं. तुमच्या घरी तो असला तर त्याला हात लावण्याआधी मला लिहा. आजींचा कीबोर्ड त्या पंथातला नाही. त्याचे खटके जर्मनीच्या चेरी कंपनीने रूढ केलेल्या घाटाचे, प्रत्येक खटका स्वतंत्र डबीसारखा. वरचं टोक अधिक चिन्हासारखं.

या डबीच्या आत काय घडतं ते ऐका, कारण बहुतेकांची समजूत उलटी असते. आपल्याला वाटतं, बटण दाबलं की ते दोन पत्र्यांना एकमेकांवर दाबतं. तसं नाही! बटण वर असताना त्याचा पाय एका पातळ पत्रीला दूर लोटून धरतो. बटण खाली गेलं की पाय सरकतो, पत्री सुटते आणि स्वतःच्या ताणाने समोरच्या पत्रीला जाऊन चिकटते. दार उघडं धरून ठेवलेला माणूस बाजूला झाला की दार आपोआप लागतं, तसं. म्हणजे तुम्ही रागाने कितीही जोरात बटण हाणा, संपर्क काडीचाही घट्ट होत नाही. बटणाचा सगळा प्रवास साधारण ४ मिलीमीटरचा, आणि निम्म्या वाटेवरच अक्षर उमटतं. बाकीचे २ मिलीमीटर केवळ बोटाच्या समाधानासाठी.

आता मुख्य गोष्ट. आजींच्या कीबोर्डला १०१ बटणं. प्रत्येकाला मेंदूपर्यंत स्वतंत्र तार दिली तर १०१ तारा आणि वर एक सामाईक. (मेंदू म्हणजे आतली काळी चिप. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डातसुद्धा इंटेलची ८०४८ नावाची चिप होती. कीबोर्ड हा स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर असतो, बरं का!) इतक्या तारा कोण ओढणार? म्हणून एक युक्ती करतात. तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. १६ रांगा, प्रत्येक रांगेत ८ बाक. बाई हाक मारतात, "रांग पहिली!" त्या रांगेतल्या ज्यांनी हात वर केलाय, त्यांचे बाकनंबर लिहून घेतात. मग "रांग दुसरी!" अशा १६ हाका झाल्या की पुन्हा पहिलीपासून, सेकंदात कित्येकदा. १६ आणि ८ मिळून २४ तारा, आणि १२८ जागा ओळखता येतात. १०१ बटणं आरामात मावली.

म्हणजे एक बटण 'मेलं' याचा अर्थ काय? त्या मुलाची गैरहजेरी लागली, एवढंच. त्याला दोन कारणं असू शकतात. एक तर मूल खरंच हात वर करत नाही, म्हणजे खटकाच बिघडला. किंवा मूल हजर आहे, हातही वर आहे, पण बाईंची हाकच त्याच्यापर्यंत पोचत नाही. रांगेत मध्येच भिंत आली. अशा वेळी त्या एकट्याचीच नाही, भिंतीमागच्या सगळ्यांची गैरहजेरी लागते.

वाचताना किती सोपं वाटतं! आता माझी फजिती सांगतो.

बटणं मेली असा शब्द कानावर पडला की माझ्यासारख्या खटपट्या माणसाचे हात शिवशिवतात. मी कीबोर्डाचे स्क्रू काढले, पीसीबी उलटा केला. मैत्रीण म्हणाली, "काका, आधी कागदावर लिहून घ्यायचं ना, कुठली चालतात कुठली नाही?" मी म्हटलं, "तुझ्या पत्रात आलंय की सगळं." आणि सोल्डरिंग आयर्न तापवून थेट डीचा खटका काढायला घेतला. जुना सोल्डर लवकर वितळेना, मी टोक जास्त वेळ टेकवून धरलं, पंपाने ओढलं, आणि सोल्डरबरोबर पीसीबीवरची तांब्याची चकतीही सोलून निघाली. नखावरची साल निघते तशी. खटका हातात घेऊन मल्टिमीटर लावला. दाबला की पीं, सोडला की गप्प. पुन्हा दाबला, पीं. अगदी ठणठणीत खटका! मी एका निरोगी पेशंटचं ऑपरेशन करून वर जखमही केली होती.

बाबा बिचारे काही बोलले नाहीत, चहा प्यायले. मैत्रिणीने दप्तरातून कागद काढला. तिने घरूनच कीबोर्डचं चित्र काढून आणलं होतं, मेलेल्या बटणांवर फुल्या मारून. मी तो कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. ई, डी, सी या तीन फुल्या एकाखाली एक, तिरप्या ओळीत! आणि एचची फुली मात्र लांब, एकटी.

तुमच्या लक्षात आलं ना? तीन शेजारी एकदम आजारी पडले तर दोष तिघांत नसतो, पाणी ज्या नळातून येतं त्यात असतो. एचचा रोग वेगळा.

आता मी शहाण्यासारखा वागलो. कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला, नोटपॅड उघडलं. पीसीबीच्या मागच्या बाजूला प्रत्येक खटक्याचे दोन टाके असतात, सोल्डरचे चमकते ठिपके. मैत्रिणीला एक चिमटा दिला आणि सांगितलं, एचच्या दोन टाक्यांना एकदम टेकव. (इथे फक्त ५ व्होल्ट असतात, झटका बसत नाही. पण कीबोर्डचं बोलतोय मी. घरातल्या प्लगचं नाही, आणि जुन्या टीव्हीचं तर मुळीच नाही!) तिने टेकवला आणि पडद्यावर 'प' उमटला. म्हणजे वाट ठीक, चिप ठीक, खटका नादुरुस्त. मग ईच्या टाक्यांना चिमटा. काही नाही. पुन्हा. काहीच नाही. म्हणजे इथे खटक्याचा संबंध नाही, हाक पोचत नाही.

पाच रुपयांच्या चिमट्याने जे दोन मिनिटांत कळलं, ते कळायला मी डीची चकती गमावली होती.

भिंत नेमकी कुठे, ते शोधणं राहिलं. या कीबोर्डात तांब्याची रेघ ३ च्या बटणापासून निघून ईकडे, तिथून डी, तिथून सी अशी उतरते. (तुमच्या कीबोर्डात तशीच असेल असं नाही. रांगा दरवेळी डोळ्यांना दिसतील अशा नसतात, तांब्याची रेघ बोटाने माग काढत जावं लागतं.) मैत्रीण पटकन म्हणाली, "३ तर चालतो!" शाब्बास! ३ चालतो आणि ई चालत नाही, म्हणजे वाट ३ आणि ई यांच्या मध्येच तुटली. कीबोर्ड कॉम्प्युटरपासून सोडवला, मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला आणि ३ चा टाका ते ईचा टाका असं तपासलं. पीं नाही.

भिंग लावलं तेव्हा दिसलं. पीसीबीच्या हिरव्या रंगाखाली मसुराएवढा काळपट डाग. रंग खरवडला तर खालचं तांबं भुगा झालेलं. बाबा म्हणाले, "हां, चहा! खूप वर्षांपूर्वी आईच्या हातून सांडला होता. तेव्हा पुसून घेतला, चाललाही इतकी वर्षं." दुधासाखरेचा चहा वरून पुसला जातो, आत झिरपलेला तसाच राहतो. त्यातली साखर हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि ओलावा तांब्याला हळूहळू खातो. तुमच्या कीबोर्डवर काही सांडलं तर 'चालतोय ना अजून' म्हणून सोडून देऊ नका. लगेच तार काढा, उलटा धरा, त्याच दिवशी उघडून साफ करा.

उपाय साधा. टेलिफोनच्या केबलमधली केसासारखी बारीक तार, बोटाच्या पेराएवढा तुकडा. एक टोक ३ च्या टाक्याला, दुसरं ईच्या. काना परत आला! पण डी आणि सी अजून गप्प. का? कारण वाट डीच्या चकतीवरून पुढे जात होती आणि ती चकती मी उपटली होती. म्हणून दुसरी तार, ईपासून डीच्या पायाला आणि तिथून सीला. पहिली तार चहाची, दुसरी माझ्या घाईची. मैत्रिणीने पीसीबीवर मार्करने तसंच लिहून ठेवलंय : 'चहा' आणि 'काका'.

राहिला एच. एकाकी बटणावर आधी सौम्य उपाय करावेत. शंभर वेळा भराभर दाबावं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण पत्र्या एकमेकींवर घासून त्यांच्यावरचा मळ निघतो. नाहीच जमलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. बटणाची टोपी काढून, खटका दाबून धरून, सुई नसलेल्या सिरिंजने एकदोन थेंब कडेने सोडायचे, पन्नास वेळा दाबायचं आणि तासभर वाळू द्यायचं. अल्कोहोल भुर्रकन पेटतं, तेव्हा गॅस बंद, उदबत्ती बंद, खिडकी उघडी. रॉकेल नको. खोबरेल नको. बिजागरीला मारतात तो तेलाचा फवारा तर नकोच नको, त्याने धूळ चिकटून बसते.

आम्ही दोन्ही करून पाहिलं. एच दहापैकी तीन वेळा लागायचा. 'पापड' लिहायला घेतलं तर कधी 'पाड' व्हायचं. मग शस्त्रक्रिया. पण नवा खटका कुठून आणणार? तो कीबोर्डावरच होता. स्क्रोल लॉक नावाचं बटण तुम्ही आयुष्यात कधी वापरलंय? मीही नाही. आजींना फोन करून विचारलं, "काकू, स्क्रोल लॉक लागतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "ते काय असतं?" ठरलं! स्क्रोल लॉकचा तरुण खटका एचच्या जागी आला आणि एचचा थकलेला खटका स्क्रोल लॉकच्या जागी पेन्शनीत गेला. या वेळी जुन्या टाक्यावर आधी थोडा नवा सोल्डर घातला, म्हणजे तो लवकर वितळतो, आणि आयर्न दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं नाही. दोन्ही चकत्या शाबूत राहिल्या.

सोल्डरिंगबद्दल आईबाबांसाठी दोन शब्द. आयर्नचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं, आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं. तेव्हा मोठं माणूस शेजारी हवं, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच लाडू. मुलांना लांब बसवून सगळं स्वतः करू नका मात्र. चिमट्याची परीक्षा, टोप्या काढणं, नकाशा, मल्टिमीटर ही कामं पाचवीतलं मूलही करतं, आणि आपल्यापेक्षा धीराने करतं. अनुभवाने सांगतोय.

टोप्यांवरून आठवलं. टोप्या काढण्याआधी कीबोर्डचा फोटो घ्या. दोन यू-पिना सरळ करून त्यांचे हूक करा, टोपीच्या समोरासमोरच्या कडांखाली घाला आणि सरळ वर ओढा, तिरकं नाही. स्पेसबारखाली आडवी तार असते, ती आकड्यातून हळूच सोडवावी लागते. टोप्या कोमट साबणपाण्यात तासभर भिजवल्या की झालं. आजींच्या कीबोर्डातून काय काय निघालं सांगू? दोन टिकल्या, एक तीळ, लग्नपत्रिकेवरची चमकी, आणि मैत्रिणीचा लहानपणी पडलेला दाताचा तुकडा असावा अशी एक वस्तू. तिने ती कागदात बांधून नेली.

आणखी एक, कारण तीन पत्रं याच प्रश्नाची आली आहेत. जुना कीबोर्ड नव्या कॉम्प्युटरला जोडला आणि एकही बटण चाललं नाही, तर तो मेला असं समजू नका. आधी उलटा करून पाठ पाहा. काहींच्या पाठीवर एक्स आणि ए लिहिलेला बारीक सरकता खटका असतो. तो एवर हवा. दुसरं म्हणजे, गोल पिन यूएसबी करणारा छोटा साधा जोड यांना चालत नाही. आत स्वतःची चिप असलेलाच कन्व्हर्टर लागतो. आणि गोल पिनवाला कीबोर्ड काढता-घालताना कॉम्प्युटर बंद ठेवा.

आता तुमच्यासाठी खटपट. जाड पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या तीन उभ्या पट्ट्या चिकटवा, एकेक सेंटीमीटर रुंद. साध्या कागदावर तीन आडव्या पट्ट्या चिकटवा. मध्ये ठेवायला आणखी एक पुठ्ठा घ्या आणि पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे नऊ भोकं पाडा, बोट आरामात जाईल एवढी. फॉइल आतल्या बाजूला येईल असं तिन्ही एकमेकांवर ठेवून कडेने चिकटवा, पट्ट्यांची टोकं मात्र बाहेर ठेवा. दोन पेन्सिल सेल, १०० ओहमचा एक रोधक आणि लाल एलईडी ओळीने जोडा. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे. एक मोकळी तार उभ्या पट्टीला, दुसरी आडव्या पट्टीला लावा. त्या दोघी जिथे भेटतात तिथे बोटाने दाबा. दिवा लागला ना? हा तुमचा नऊ बटणांचा कीबोर्ड.

मग ताईला किंवा दादाला तुमच्या नकळत मधली उभी पट्टी कुठेतरी कापायला सांगा. कापलेली जागा उघडून न पाहता, नुसती बटणं दाबून शोधा. आणि एक कोडं : पहिल्या उभ्या आणि पहिल्या आडव्या पट्टीला तारा जोडून, ते कोपऱ्याचं बटण सोडून त्याच्या चौकोनातली उरलेली तीन बटणं एकदम दाबा. न दाबलेल्या बटणाचा दिवा लागतो! तो कुठल्या वाटेने लागला त्याचं चित्र काढून पाठवा. चांगले कीबोर्ड हे भूत अडवायला प्रत्येक खटक्यापाशी एक डायोड बसवतात, म्हणजे वीज उलटी फिरत नाही.

परवा साताऱ्याहून दुसरं पाकीट आलं. या वेळी पत्र आजींचं, छापलेलं, सगळे काने जागच्या जागी. आणखी एकतीस ओव्या झाल्यात म्हणे, आणि एक मधलीच ओळ आठवत नाही म्हणून धाकट्या बहिणीला कोल्हापूरला फोन लावून बसल्या आहेत. खाली नातीचा ताजा कलम : "काका, आता एलचं बटण कधी कधी दोनदा लागतं. 'तवा' लिहिलं की 'ततवा' येतं."

तर मैत्रिणी, हा मेलेल्या बटणाच्या उलटा रोग. पत्री चिकटताना नाचते. थोडा नाच प्रत्येक खटक्यात असतो, काही हजारांश सेकंद, आणि चिप तेवढी वाट पाहूनच अक्षर पाठवते. पत्रीवर मळ बसला की नाच लांबतो आणि चिपला वाटतं, दोनदा दाबलं. एल एकटाच आहे, शेजारी सगळे ठीक, तेव्हा आयर्न काढायची गरज नाही. अल्कोहोलचे दोन थेंब, पन्नास वेळा दाबणं, तासभर वाळवणं. येत्या रविवारी तूच कर. बाबांना शेजारी बसव, आणि चहाचा कप दुसऱ्या खोलीत.